भुरीची पानं : वादळाची नोंदवही

१४ एप्रिल

काल रात्री साडेनऊच्या सुमारास वावधान सुटलं. पहिली वीज कडाडली आणि लाइट गेली. दुकानाचं शटर ओढून घरी पोचायला मला अर्धा तास लागला. ओट्यावरच्या खांबाला साखळी होती, साखळीला तुटका पट्टा होता, आमची कुत्री भुरी नव्हती. खांबाच्या लाकडावर नखांचे ओरखडे आणि खाली रक्ताचे थेंब.

रात्रभर बॅटरी घेऊन फिरलो. सकाळी सहाला ती रस्त्याखालच्या मोरीत सापडली, घरापासून तीनेक किलोमीटरवर. हाक मारली तरी बाहेर येईना. सरपटत आत गेलो, अंगावर हात ठेवला, तर अजून थरथरत होती. पाऊस थांबून सात-आठ तास झाले होते.

साखळी मीच बांधली होती, पावसात कुठं पळून जाऊ नये म्हणून. डोक्यावर पत्रे, पत्र्यांवर गारा, आणि गळ्यात पट्टा. ज्या जागेपासून तिला पळायचं होतं तिथंच मी तिला अडकवून ठेवलं होतं. हे माझ्याकडून पुन्हा होणार नाही.

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. आलेल्या प्रत्येक पंपाची वहीत नोंद असते : काय जळलं, कशानं जळलं, काय केलं, मोटार परत आली का. आजपासून याच वहीची मागची पानं भुरीची.

१५ एप्रिल

नुसतं ‘जास्त घाबरली’, ‘कमी घाबरली’ लिहून पुढं काही कळणार नाही, म्हणून आकडे ठरवले. ० म्हणजे शांत. १ म्हणजे कान मागं, उगाच जांभया, ओठ चाटणं. २ म्हणजे धाप आणि येरझारा, पण दिलेलं खाते. ३ म्हणजे थरथर, आणि खाणं नाकारते. ४ म्हणजे तोंडातून लाळ, कोपऱ्यात घुसणं, जमीन किंवा दार उकरणं. ५ म्हणजे पळ काढणं किंवा स्वतःला लागेपर्यंत धडपडणं. परवाची रात्र ५.

भुरी आठ वर्षांची. लहानपणी वीज चमकली की खाटेखाली जायची आणि पाऊस गेला की शेपटी हलवत बाहेर यायची. एवढी भीती गेल्या पावसाळ्यापासूनची आहे. हे आज लिहिताना लक्षात आलं, आधी का आलं नाही कोण जाणे.

दुकानात बसलेल्यांनी सल्ले दिले. दोन फटके दे. जवळ घेऊ नको, लाडानं भित्री होते. फटक्यांचा तर प्रश्नच नाही. लाडाबद्दल मात्र मलाही शंका होती, ती उद्या-परवा डॉक्टरांना विचारायची.

१७ एप्रिल

पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे नेलं. मला वाटलं गोळी लिहून देतील आणि संपलं. त्यांनी आधी कान पाहिले, दात पाहिले, मग पाठीवरून मागच्या पायांपर्यंत एकेक सांधा दाबत गेले. उजव्या खुब्याला हात लागताच भुरीनं मान वळवून त्यांचं मनगट दातात धरलं. चावली नाही, फक्त धरलं.

खुब्यात दुखणं आहे. त्यांनी समजावलं ते असं : मोठा आवाज झाला की कुत्रं दचकतं, अंगातले सगळे स्नायू एकदम आवळले जातात. दुखरा सांधा त्यात कळवळतो. कुत्र्याच्या लेखी आवाज आला आणि दुखलं, एवढंच घडतं. मग आवाजच दुखवतो असं त्याला वाटू लागतं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या आणि ब्राझीलच्या संशोधकांनी २०१८ साली यावर लिहिलंय; अंगात दुखणं असलेल्या कुत्र्यांत आवाजाची भीती बाकीच्यांपेक्षा उशिरा, मोठ्या वयात सुरू झालेली दिसली. म्हणून वयात आलेलं कुत्रं अचानक गडगडाटाला भिऊ लागलं तर आधी त्याचं अंग तपासायचं.

म्हणजे वर्षभर तिचा खुबा दुखत होता आणि मी तिला भित्री म्हणत होतो.

लाडाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, भीती ही काही तिनं ठरवून केलेली गोष्ट नाही, त्यामुळे जवळ घेतल्यानं ती ‘शिकत’ नाही. तिला तुमच्याजवळ यायचं असेल तर येऊ द्या. लपायचं असेल तर ओढून बाहेर काढू नका. तुम्ही स्वतः मात्र घाबरंघुबरं होऊन धावाधाव करू नका, ते तिला कळतं.

दुखण्याचं औषध सुरू. वादळासाठी गॅबापेंटिन दिलंय, तिच्या १९ किलो वजनाच्या हिशोबानं. ते वादळाच्या साधारण दीड तास आधी द्यायचं, आणि त्याआधी एकदा निवांत दिवशी देऊन बघायचं. दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. घरातली माणसांची गोळी द्यायची नाही. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात, आणि माणसांच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असतं, तेही विषारी. दुसरं, नुसतं अंग ढिलं करणारं गुंगीचं औषध मागायचं नाही. अ‍ॅसिप्रोमाझिनसारख्या औषधानं कुत्रं गप्प पडून राहतं, पण आतली भीती तशीच असते. मालकाला वाटतं बरं झालं.

१९ एप्रिल

जागा शोधणं.

आमच्या घराचे तीन भाग आहेत. पुढं पत्र्यांचा ओटा, मध्ये दहा वर्षांपूर्वी बांधलेली स्लॅबची खोली, मागं आजोबांच्या वेळची, मातीच्या सपाट छताची धाब्याची खोली. भाच्याला पाइप देऊन पत्र्यांवर पाणी मारायला लावलं. ओट्यावर शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. स्लॅबच्या खोलीत आवाज बराच कमी, पण दोन मोठ्या खिडक्या, म्हणजे विजेचा उजेड थेट आत. धाब्याच्या खोलीत गेलो आणि दार लोटलं तर पाणी चालू आहे की बंद हेच कळेना. मातीच्या दीड हात जाड भिंती, वर सागाच्या कड्या, त्यावर मातीचा थर आणि दरवर्षी पावसाच्या तोंडावर टाकलेली खारी माती. खिडकी नाही, फक्त वर एक गवाक्ष. आवाज अडवायला मातीसारखं काही नाही.

भुरीला मोकळं सोडून बघत बसलो. ती सगळ्या घरात फिरून धाब्याच्या खोलीत गेली आणि ज्वारीच्या कोठीमागं, भिंत आणि कोठी यांच्या फटीत जाऊन बसली. मी कोपऱ्यात गोधडी घातली होती तिकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. गोधडी उचलून कोठीमागं सरकवली.

अडचण एकच. त्याच खोलीत मायचा देव्हारा आहे.

माय म्हणाली, “देव शेतस तठे, कुत्रं नको.”

आज वाद घातला नाही.

२२ एप्रिल

गडगडाटाचं रेकॉर्डिंग लावून सराव सुरू केला. मोबाइलच्या स्पीकरमधून तो आवाज म्हणजे नुसता कागद चुरगाळल्यासारखा वाटतो, खालचा घुमारा येतच नाही. मित्राचा मोठा स्पीकर आणला. आवाजाचे ३० टप्पे आहेत, सुरुवात २ वर. भुरीचा एक कान हलला, एवढंच. लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा.

क्रम महत्त्वाचा आहे : आधी आवाज, मग खाऊ. मी पहिल्या दिवशी उलटं करत होतो. खाऊ दाखवायचो आणि मग आवाज लावायचो. तसं केलं तर अंडं दिसलं की तिला वाटणार, आता काहीतरी वाईट होणार. आवाज हीच खाऊची वर्दी झाली पाहिजे. पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं संध्याकाळी, त्याहून जास्त नाही.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या संशोधिकेनं फटाक्यांना भिणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांची पाहणी केली होती, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. खऱ्या आवाजानंतर लगेच खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त जणांनी फरक पडल्याचं सांगितलं. म्हणजे रेकॉर्डिंगवर थांबायचं नाही, खऱ्या वादळातही वाटी हातात पाहिजे. तसंही रेकॉर्डिंगमध्ये वीज चमकत नाही, वारा सुटत नाही, मातीचा वास येत नाही.

२५ एप्रिल

माझी चूक. काल ६ वर छान बसली म्हणून आज एकदम १२ केलं. तिनं अंडं तोंडात घेऊन खाली टाकलं आणि उठून गेली. स्पीकर दिसला तरी मान फिरवते. दोन दिवस सराव बंद, मग पुन्हा २ पासून. घाई करायची जागा ही नव्हे.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. दोघी बहिणी माहेरी आल्यात, निंबाला झोका बांधलाय, खापरावर मांडे आणि आमरस. सराव नाही.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. दुपारी धाकट्या बहिणीनं मोरीची हकिकत विचारली. मी नखांचं सांगितलं. माय चुलीपुढं बसून ऐकत होती. संध्याकाळी पाहतो तर देव्हारा धाब्याच्या खोलीतून उचलून स्लॅबच्या खोलीत कोनाड्यात मांडलेला, हळदीकुंकू वाहिलेलं. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही.

४ मे

निवांत दिवशी गोळीची चाचणी. सकाळी दहाला दिली. साडेअकराला चाल जरा डुलती, मागचे पाय थोडे आडवे पडत होते. दोन तास झोपली, हाक मारली की उठायची, पाणी प्यायली. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, त्यांनी मात्रा थोडी कमी केली. वादळाच्या रात्री पहिल्यांदाच दिली असती आणि ती अशी डुलताना दिसली असती तर मी केवढा घाबरलो असतो.

८ मे

छातीभोवती घट्ट कापड गुंडाळलं की काही कुत्र्यांना धीर येतो म्हणतात. माझी जुनी बनियन बसवून पाहिली. दहा मिनिटांत जीभ लांब बाहेर, धाप. पारा ४३ च्या पुढं आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापेवरच ते अंग थंड करतं. आपल्याकडच्या मे महिन्यात हा उपाय नको. काढून टाकली. पावसाळ्यात गारवा आला की बघू.

उकाड्यानं दुसरा प्रश्न उभा केला. खोलीचं दार लोटलं तर आत कोंडतं. कूलर लावला तर हवाही मिळते आणि त्याच्या घरघरीत बाहेरचे आवाज बुडतात, पण आपल्याकडं पहिल्या वाऱ्याच्या झोतालाच लाइट जाते. ज्या घडीला घरघर हवी नेमकी त्याच घडीला कूलर बंद. दुकानातली जुनी बॅटरी आणून तिच्यावर बारा व्होल्टचा पंखा जोडला. हवेचं भागलं. आवाजाचं नाही, हा पंखा फार गुपचूप फिरतो.

११ मे

सराव सुरू केल्यापासूनचं पहिलं खरं वादळ.

दुपारी चारला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या, विजांची सूचना देणाऱ्या दामिनी ॲपवर २० ते ४० किलोमीटरच्या वर्तुळात विजा दिसल्या. मी पंप उतरवण्यात गुंतलो होतो, सूचना पाहिली पावणेपाचला. घरी पोचलो तेव्हा आभाळ पश्चिमेकडून काळंनिळं झालं होतं आणि भुरी आधीच कोठीमागं होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. गोळी पाच वाजता दिली, वादळ सव्वापाचला डोक्यावर. म्हणजे गोळीचा असर सुरू होईतो वादळ निघून गेलेलं.

मी वाटी घेऊन कोठीशेजारी बसलो आणि वीज आणि आवाज यांच्यातले सेकंद मोजत राहिलो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून तीन सेकंदांना एक किलोमीटर. बारा सेकंदांवर, म्हणजे चार किलोमीटरवर वादळ असताना तिनं अंडं घेतलं. नऊवर घेतलं. सहावर हुंगलं आणि बऱ्याच वेळानं घेतलं. चार सेकंदांच्या आत आल्यावर तोंड फिरवलं, लाळ सुरू. आकडा ४.

पण ती पळाली नाही. दार उघडं होतं, साखळी नव्हती, आणि ती पळाली नाही. चार सेकंद ही तिची हद्द आहे हेही आज कळलं.

१२ मे

दुकानात सकाळपासून रांग. कालच्या विजेनं चार मोटारी आणि दोन स्टार्टर गेले. वादळ आलं की मला बाहेर पडावंच लागतं, त्यामुळे माझ्या एकट्याच्या भरवशावर हे चालणार नाही.

मायला सगळं शिकवलं. तिला वाचता येत नाही, म्हणून गोळी लाल झाकणाच्या डबीत, खाऊ पितळी वाटीत. ॲप मी बघणार आणि फोन करणार. फोन लागला नाही तर भुरी कोठीमागं गेली हीच खूण समजायची.

१९ मे

संध्याकाळी सहाला एका वावरात विहिरीवर होतो. साडेचारलाच ॲप पाहून मायला फोन केला होता. गोळी वेळेत गेली. सव्वासहाला आभाळ फुटलं. मी दुसऱ्याच्या शेडमध्ये अडकलो, फोनला रेंज नाही. तासभर माझ्या डोळ्यांपुढं ती मोरी होती.

सातला फोन लागला. माय म्हणाली, “पानी उनं व्हतं. भुरी मनाजोडेच व्हती. तू तुनं काम कर.”

घरी आल्यावर खोदून खोदून विचारलं. माय उडदाची डाळ भरडत होती. पापडांचे दिवस आहेत, आणि जातं धाब्याच्या खोलीतच आहे. आभाळ गरजायला लागलं म्हणून ती उठली नाही, भरडत राहिली. थोड्या वेळानं भुरी कोठीमागून निघाली आणि जात्याला अंग लावून पडली. माय एका हातानं खुंटा फिरवत होती आणि दुसऱ्या हातानं अंड्याचे तुकडे देत होती. धाप होती, थरथर थोडी. खाऊ शेवटपर्यंत घेतला. आकडा २.

मी जात्याजवळ खाली बसून मायला पुन्हा फिरवायला सांगितलं. त्याचा घुमारा थेट फरशीतून अंगात येतो. गडगडाट जसा खालच्या सुरात घुमतो तसाच हा, फक्त एकसारखा, न तुटता. भुरी पिल्लू असल्यापासून या आवाजाशेजारी झोपलेली आहे. त्यात बाहेरचा गडगडाट मिसळून जातो. कूलर, पंखा, स्पीकर, बॅटरी, सगळं मी जोडत बसलो होतो. घरघर घरातच होती, आणि तिला लाइट लागत नाही.

२० मे

जात्याच्या खालच्या दगडाला, पाळूला, तडा गेलाय का ते तपासलं. नाही. छिन्नीनं जात्याचे दगड खडबडीत करून देणारा आला की जातं टाकवून घ्यायचं.

३ जून

वाईट रात्र. अडीच वाजता झोपेत गाठलं. गोळी देण्यापुरता वेळच मिळाला नाही. शेजारच्यांचे पत्रे उडाले, एक आमच्या अंगणात येऊन आपटला. सात-आठ विजा चार सेकंदांच्या आत. माय जातं फिरवायला बसली तरी भुरी कोठीमागून हलली नाही. लाळ, भिंत उकरणं. आकडा ४.

पहाटे मला वाटलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. सकाळी वहीतली जुनी पानं चाळली. १४ एप्रिलला ती थांबलेल्या पावसानंतर आठ तास थरथरत होती. आज पाऊस थांबल्यावर चाळीस मिनिटांत बाहेर आली, पाणी प्यायली, ओट्यावर जाऊन तो पत्रा हुंगला. चाळीस मिनिटं हा आकडाही आता वहीत वेगळ्या रकान्यात लिहायचा. सावरायला किती वेळ लागला हे मी आजवर मोजतच नव्हतो.

१८ जून

मृगाचा पाऊस लागला. कपाशीच्या लागवडीची धांदल, दुकानात बसायला फुरसत नाही. मान्सूनचा पाऊस भुरीला जड जात नाही. तो संथ लागून राहतो, विजा कमी. तिला छळतात ती मान्सूनच्या आधीची उन्हाळी वादळं, दिवसभर तापलेल्या जमिनीवरून उंच चढलेल्या ढगांची. पुढचा कठीण काळ परतीच्या पावसाचा. तोवर रेकॉर्डिंगचा सराव आठवड्यातून तीनदा, सध्या ११ वर. खुब्याचं औषध चालू, जिना चढताना आता थांबत नाही.

३ ऑगस्ट

रविवार, आमच्या खानदेशातल्या देवी कानबाई बसल्या. गल्लीत डफ, सनई, मोठे स्पीकर. दुपारीच भुरीला आत घेतलं. आकडा १. उद्या विसर्जनाची मिरवणूक आमच्याच दारावरून जाणार, तेव्हा गोळी चारला.

२८ सप्टेंबर

परतीचा पाऊस. संध्याकाळी पाचच्या सुमारास मी घरीच होतो, ॲपवर अजून काही नव्हतं. भुरी ओट्यावरून उठली, अंग झटकलं, आणि धावत नाही तर चालत आत गेली. माय म्हणाली, “आते पानी यी,” आणि तूर घेऊन जात्यावर बसली. लाल डबीतली गोळी दिली. पावणेसात वाजता पहिला गडगडाट, दहा सेकंदांवरचा.

भुरीचे कान मागं गेले. मग तिनं मान वर केली आणि पितळी वाटीकडं पाहिलं.

वाटी रिकामी होती. मी अंडी उकडायला विसरलो होतो. मायनं सकाळची भाकरी दुधात कुस्करून दिली, तीही तिनं खाल्ली. पाच सेकंदांवर खाल्ली, तीन सेकंदांवरही खाल्ली. धाप होती. थरथर नव्हती. आकडा २, सावरायला दहा मिनिटं.

दिवाळीच्या फटाक्यांसाठी डॉक्टरांकडून गोळ्या पुन्हा लिहून घ्यायच्या. अंडी आणायची, एक डझन.